वेढ्यातलं खरेदीखत: ख्रिस्ती धर्मातली आशा म्हणजे नेमकं काय?

"तुमच्यात गेलेला माणूस पुन्हा उठणार म्हणता ना? मग एवढं रडता कशाला?"

बेळगावात ख्रिस्ती घराच्या शेजारी राहणाऱ्या कुणी ना कुणी हा प्रश्न कधीतरी विचारलेला असतो. त्यात खवचटपणा नसतो. मयताला आलेली शेजारीण पुनरुत्थानाची गाणी ऐकते आणि त्याच वेळी शवपेटीवर डोकं ठेवून हंबरडा फोडणारी आईही बघते. या दोन गोष्टींचा मेळ तिला लागत नाही. खरं सांगायचं तर कितीतरी ख्रिस्ती माणसांनाही तो लागत नाही. पण प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून इथूनच सुरुवात करतो.

ख्रिस्ती लोक या भागात नवे नाहीत. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झालं. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला, पण गोव्याकडून घाट चढून आलेली कॅथलिक कुटुंबं त्याच्या कितीतरी आधीपासून इथे नांदत होती. आज कुणाच्या घरी मराठीत प्रार्थना होते, कुणाच्या कोकणीत, कुणाच्या कन्नडमध्ये. एवढा शेजार असूनही शेजाऱ्यांना ख्रिस्ती धर्म म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात: प्रेम आणि क्षमा. पौल या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती प्रचारकानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात टिकणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत, विश्वास, आशा आणि प्रीती. प्रीतीवर प्रवचनं होतात, विश्वासावर वाद होतात, आणि आशा मधल्या मध्ये राहून जाते. माझ्या मते त्या दोघींना उभं धरणारी तीच आहे.

रोजच्या बोलण्यातली आशा चिन्हांवर जगते. जूनमध्ये खानापूरच्या बाजूला ढग दाटून आले की भाताची आशा वाढते, पंधरा दिवस कोरडे गेले की ती आटते. डॉक्टरांचा चेहरा बघून घरच्यांची आशा वर-खाली होते. सीमाभागातल्या माणसाला तर वाट बघणं कुणी शिकवावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, २००४ मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि सुनावणीच्या तारखांकडे डोळे लावून इथली माणसं म्हातारी झाली. त्या वाट बघण्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तीही चिन्हांवर जगणारी आशा आहे. तारीख पडली की उभारी येते, पुढे गेली की मन खचतं.

ख्रिस्ती धर्म ज्या आशेबद्दल बोलतो ती चिन्हं वाईट असतानाही उभी राहते, कारण तिचा पाया परिस्थितीत नसून कुणीतरी दिलेल्या शब्दात आहे. शब्द देणारा कोण आहे यावर सगळं अवलंबून. हे ऐकायला सोपं वाटतं. ते प्रत्यक्षात कसं असतं हे दाखवणारी बायबलमधली माझ्या मते सगळ्यात चांगली गोष्ट स्वर्गाची किंवा चमत्काराची नाही, ती जमीन खरेदीची आहे. आमच्या भागात उतारा, हिस्से, वाटणी आणि सबरजिस्ट्रार ऑफिस यांत अर्धी हयात घालवलेली माणसं घरोघरी आहेत, त्यांना ती चटकन कळेल.

इसवीसनापूर्वी सहाव्या शतकाची सुरुवात. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्यानं यरुशलेमला वेढा घातला आहे. शहर पडणार हे सगळ्यांना दिसतंय. यिर्मया नावाचा संदेष्टा वर्षानुवर्षं हेच सांगत आला, आणि म्हणूनच यरुशलेमच्याच राजानं त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात डांबून ठेवलंय. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल भेटायला येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत तू विकत घे, भाऊबंद म्हणून पहिला हक्क तुझा आहे.

अनाथोथ म्हणजे यिर्मयाचं मूळ गाव, यरुशलेमपासून अगदी जवळ. राजधानीलाच शत्रूचा विळखा पडलेला असताना भोवतालच्या शेतांना काय किंमत? अशा वेळी जमीन कोण घेतं? विकणाऱ्याची घाई कळते, घेणाऱ्याचं कारण कळत नाही. पण देवाची तशी आज्ञा आहे हे ओळखून यिर्मया ती घेतो. आणि कशी घेतो ते बघा. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहितो, त्यावर मोहोर करतो, साक्षीदार उभे करतो. खताच्या दोन प्रती असतात, एक मोहोरबंद आणि एक उघडी. त्या तो बारूख नावाच्या आपल्या लेखनिकाकडे सगळ्यांसमोर देतो आणि सांगतो, या मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. का? तर या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं देवानं म्हटलं आहे.

मला या अध्यायातला त्याच्या पुढचा भाग जास्त भावतो. व्यवहार उरकल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो आणि देवालाच विचारतो: शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती चाललंय, वेढ्याचे मोर्चे भिंतीला भिडलेत, आणि तू मला म्हणतोस पैसे देऊन शेत घे? म्हणजे शंका संपल्यावर त्यानं खत केलं नाही. खत केलं तेव्हाही शंका होती आणि नंतरही राहिली. तरी चांदी तोलली गेली, साक्षीदारांच्या सह्या झाल्या.

ते शेत त्यानं कधी कसलं का? शहर पडलं, मंदिर जळलं, पुढे लोकांनी यिर्मयाला त्याच्या मनाविरुद्ध मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, नेलं. तो तिथून परत आल्याची नोंद बायबलमध्ये कुठेच नाही. खरेदीखत त्याच्या नावानं झालं, पण ज्या दिवसासाठी झालं तो दिवस दुसऱ्यांनी बघितला.

याच यिर्मयाचं एक वाक्य घरोघरी कॅलेंडरवर आणि व्हॉट्सॲपच्या सकाळच्या निरोपांत फिरत असतं. एकोणतिसाव्या अध्यायातलं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला भविष्य आणि आशा द्यावी असे आहेत. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलाला ते पाठवतात, दुबईच्या व्हिसासाठी थांबलेल्याला पाठवतात. पाठवणाऱ्याचं प्रेम मी जाणतो. पण मूळ पत्र बाबेलमध्ये बंदी होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि या वाक्याच्या बरोबर आधी त्यात म्हटलंय की सत्तर वर्षं लागतील. ऐकणाऱ्यातल्या बहुतेकांसाठी त्याचा अर्थ एकच होता, आपण परत जाणार नाही, आपली नातवंडं जातील. आणि तोवर काय करायचं, तेही पत्रात आहे. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. हे गाळून फक्त गोड वाक्य पाठवलं तर निकाल वाईट लागल्यावर पोरगं देवालाच खोटं समजतं. मग त्याची समजूत घालायला कुणी येत नाही.

आता पायाकडे येऊ. यिर्मयाला शब्द मिळाला होता. ख्रिस्ती माणूस म्हणतो, आम्हाला शब्दाबरोबर एक घडलेली गोष्ट मिळाली आहे: क्रूसावर मारलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला. इथे पौल अजिबात आडपडदा ठेवत नाही. करिंथकरांना तो पंधराव्या अध्यायात सरळ लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे आणि सगळ्या माणसांत आम्हीच जास्त कीव करण्यासारखे आहोत. एवढी मोठी गोष्ट त्यानं एकाच घटनेवर टांगली. तुम्ही ती घटना मानाल किंवा मानणार नाही, ते मी या लेखातून ठरवू शकत नाही. पण ख्रिस्ती आशा समजून घ्यायची तर एवढं ध्यानात ठेवायला हवं की ती मागे बघून पुढे चालते. जे एकदा एकाच्या बाबतीत झालं ते सगळ्यांच्या बाबतीत होणार, असं तिचं म्हणणं आहे.

त्यासाठी पौलानं वापरलेली उपमा शेतातली आहे. उठलेला ख्रिस्त म्हणजे प्रथमफळ, असं तो म्हणतो. खानापूरकडच्या भातशेतकऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. भात पिकायला लागलं की पहिल्या लोंब्या आणून देवापुढे ठेवतात, दाराला बांधतात. गोव्याकडच्या कॅथलिकांतही नव्या कणसांना आशीर्वाद देण्याची रीत आहे. दाराला बांधलेली लोंबी घरातली चूल पेटवायला पुरत नाही. पण ती आली म्हणजे शेतात पीक उभं आहे, आणि ते याच जातीचं आहे. सुगी अजून व्हायची आहे एवढंच.

मराठी वाचकानं इथे एक फरक लक्षात घेतलेला बरा, कारण गोंधळ नेमका इथेच होतो. आत्मा अमर आहे, शरीर हे जुनं वस्त्र आहे, ते टाकून आत्मा पुढे जातो, हा विचार आपल्या सगळ्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेला असतो. ख्रिस्ती लोकही तेच मानतात, फक्त पुनर्जन्माऐवजी स्वर्ग म्हणतात, असं पुष्कळांना वाटतं. ते तसं नाही. ख्रिस्ती श्रद्धेची शेवटची अपेक्षा शरीरातून सुटका ही नसून शरीराचं पुनरुत्थान ही आहे. चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, ते स्पष्ट शब्दांत येतं. देवानं केलेलं हे जग, ही माती, ही हाडामांसाची माणसं त्याला टाकून द्यायची नाहीत, नवी करायची आहेत. बायबलमधलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या शेवटाकडे माणसं वर उडून जात नाहीत, देवाचं नगर खाली उतरतं, आणि देव माणसांमध्ये राहायला येऊन त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पुसतो. पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तर साऱ्या सृष्टीच्या कण्हण्याबद्दल लिहिलंय. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा आणि तिच्या भोवतीचं रान हेही त्या आशेच्या बाहेर नाही. हा भाग चर्चमध्ये फार कमी शिकवला जातो, याचं मला वाईट वाटतं.

आता शेजारणीच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. शरीर हे नुसतं वस्त्र असतं तर रडायचं कारण कमी होतं. पण ख्रिस्ती धर्मात मरण ही साधी पायरी नाही. पौल त्याला शेवटचा शत्रू म्हणतो. ज्या पोराला आईनं नऊ महिने वाढवलं त्याचं शरीर मातीत जातंय, तर तिनं रडायचं नाही तर कुणी रडायचं? आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ येशू स्वतः रडला, आणि तेही काही क्षणांत त्याला उठवणार हे माहीत असताना. थेस्सलनीका शहरातल्या लोकांना पौलानं लिहिलं तेही नीट वाचावं: ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका असं तो म्हणत नाही. म्हणून मयताच्या घरी जाऊन "रडू नका, विश्वास ठेवा" म्हणणाऱ्या आपल्याच लोकांना मी हात जोडून सांगतो, असं बोलू नका. त्या माउलीच्या शेजारी बसा. तिला चहा करून द्या. गाणं तिला गाववलं तर गाईल.

तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्विनास यानं आशेची फोड नेमकी केली आहे. जी गोष्ट चांगली आहे, अजून मिळालेली नाही, मिळायला कठीण आहे, पण मिळणं शक्य आहे, तिचीच आशा धरता येते. कठीण नसेल तर आशेची गरजच नाही, शक्य नसेल तर आशेला अर्थ नाही. यावरून आशेविरुद्धची दोन पापं समजतात. एक निराशा: आता काही होणे नाही म्हणून हात टेकणं. दुसरं त्याच्या उलट, सगळं आपोआप मिळणारच आहे असं गृहीत धरणं. पहिल्याला लोक नावं ठेवतात, दुसऱ्याला मात्र श्रद्धा समजून टाळ्या वाजवतात.

या दुसऱ्या पापाचा सध्या बाजार मांडला गेलाय. अमुक इतकं अर्पण दे, तुझं कर्ज फिटेल. औषध बंद कर, विश्वासानं बरा होशील. मोबाइलवर चोवीस तास असलं काही ना काही चालू असतं आणि गरीब ख्रिस्ती घरांत ते खूप बघितलं जातं. याला मी आशा म्हणायला तयार नाही. देवाला दिलेली ती हुंडी आहे, तारखेला वटली नाही की माणूस मोडून पडतो आणि वर त्यालाच ऐकवतात की तुझा विश्वास कमी पडला. रोमकरांच्या पाचव्या अध्यायात क्रम वेगळा आहे. संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेलं मन, आणि त्यातून आशा. संकट वगळून जाणारी वाट त्यात दाखवलेली नाही.

विसाव्या शतकात या विषयावर ज्यानं सगळ्यात जास्त विचार करायला लावलं तो युर्गन मोल्टमान हा जर्मन माणूस १९२६ मध्ये हॅम्बुर्गला जन्मला. १९४३ च्या उन्हाळ्यात दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बवर्षावात ते शहर जळलं, तेव्हा सतरा वर्षांच्या मोल्टमानच्या शेजारी उभा असलेला मित्र मेला आणि हा वाचला. पुढे युद्धकैदी म्हणून छावण्यांत दिवस काढताना, आपल्याच देशानं केलेल्या अत्याचारांची छायाचित्रं समोर आल्यावर त्याला जगणं नको झालं. कैद्यांच्या धर्मगुरूनं त्याला बायबल दिलं. त्यातल्या स्तोत्रांतला आक्रोश आणि वधस्तंभावरून "माझ्या देवा, तू मला का सोडलंस?" असं विचारणारा येशू त्याला आपला वाटला. १९६४ मध्ये आशेवरचं त्याचं पुस्तक आलं. त्यातला मुद्दा असा की आशा ही धर्मशिक्षणाच्या शेवटच्या पानावर टाकायची गोष्ट नाही, सुरुवातीपासून सगळं तिच्या उजेडात वाचायचं. आणि ज्याला देवाच्या वचनातलं जग दिसलं तो आजच्या अन्यायी जगाशी जमवून घेऊच शकत नाही. २०२४ मध्ये तो गेला.

धर्म गरिबाला मेल्यानंतरच्या सुखाची लालूच दाखवून आज गप्प बसवतो, हा आरोप जुना आहे आणि काही वेळा खराही ठरला आहे. त्याला माझ्याकडे मोल्टमानपेक्षा जवळचं उत्तर आहे, पंडिता रमाबाई. १८५८ मध्ये त्यांचा जन्म कर्नाटकातल्याच रानात, गंगामूळला झाला. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, नवरा गेला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात उपाशी मरणाऱ्या मुली त्यांनी केडगावला आणल्या, त्यांना शिकवलं, कामाला लावलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं ते साध्या बायांना वाचता यावं म्हणून. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी भाषांतराचं काम थांबलं नाही. ते तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ज्या बाईला मेल्यानंतरच्या जगाची एवढी खात्री होती तिनं या जगात किती राबावं! मला वाटतं तिला दमून बसावंसं वाटलं नाही याचं कारण ती खात्रीच होती.

कॅथलिक मंडळींनी २०२५ हे वर्ष जयंती वर्ष, म्हणजे ज्युबिली, म्हणून पाळलं. पोप फ्रान्सिस यांनी त्यासाठी "आशेचे यात्रेकरू" हा विषय दिला होता. वर्ष अर्धंही झालं नव्हतं तोच, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला ते वारले.

कॅथलिक म्हटलं म्हणून आठवलं, एकाच आशेच्या पोटात फरकही आहेत. कॅथलिक घरात २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, कबरींवर मेणबत्त्या लावून मृतांसाठी प्रार्थना करतात, कारण मरणानंतर शुद्धीची एक अवस्था असते असं ते मानतात. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, ते मानणार नाहीत. ते म्हणतील, गेलेला माणूस प्रभूच्या हाती आहे, आपण मागं राहिलेल्यांसाठी प्रार्थना करावी. शेवटी सगळीच माणसं वाचतील का, यावर तर चर्चच्या आतच शतकानुशतकं वाद आहे. त्यामुळे शहापुरातल्या एका ख्रिस्ती घरात आणि खानापुरातल्या दुसऱ्या घरात तुम्हाला थोडं वेगळं उत्तर मिळेल. तरी विचारा. येशूचा शिष्य पेत्र यानं आपल्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती लोकांना बजावून ठेवलंय की तुमच्या आशेचं कारण कुणीही विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण ते सौम्यतेनं आणि समोरच्याचा मान ठेवून द्या.